विकायच्या घराचं अंगण

जाऊबाई, अंगण झालं. पुढचंही झालं आणि परसातलंही झालं. शेकोटीचा काळा डाग खरवडून काढला, त्यावर पांढरी माती घालून चोपली, तीन वेळा सारवली. कडेच्या दगडांना चुना दिला. तुम्ही जिथवर आणून सोडलं होतं तिथून पुढचं सगळं मी केलं, आणि ते करताना मला काहीही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात लोक वेगळं बोलतात. वडवणीच्या बाया म्हणतात, गोदा धीराची, थोरली जाऊ गेली तरी पदर खोचून कामाला लागली. धीर कसला आलाय. आतून सगळं बधीर झालंय, आणि हाताला काम नसलं की ते जास्त कळतं, एवढंच.

तुम्ही माघात गेलात. आता फाल्गुन सरत आला. एवढ्या दिवसांत मी एकदाही नीट रडले नाही. तेराव्याला बाया माझ्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते की मांडवाच्या खांबापाशी सारवण उकललंय, तिथं परत हात फिरवायला हवा. मग मलाच माझी लाज वाटली. पण लाजेनंही पाणी आलं नाही डोळ्याला.

लिहिते आहे ते यांच्या दप्तरातले कोरे कागद काढून. माझ्या वडिलांनी पंतोजीपणा करता करता मला चार अक्षरं शिकवली, त्याची तुम्ही आयुष्यभर थट्टा केलीत. "गोदे, तू बस लिवत, भाकरी काय, आपोआप थापल्या जातील." पण माहेरचं पत्र आलं की वाचायला मीच लागायचे. आता तुम्हाला हे कोण वाचून दाखवणार, तो प्रश्न आहेच. तरी लिहिते.

कुठून सुरू करू? कार्तिकातून करते. तुळशीचं लग्न झालं आणि यांची बीडच्या वकिलाकडची कारकुनी पक्की झाली. घर विकायचं ठरलं. बीडला माडीवरच्या दोन खोल्या घ्यायच्या ठरल्या. आम्ही दोघं आणि दोन लेकरं तिकडं जायचं, आणि तुम्ही सिरसाळ्याला तुमच्या भावाकडं जायचं, असंही ठरलं. पहिल्या दोन गोष्टी तुम्हाला त्याच दिवशी कळल्या. तिसरी कुणी सांगितली नाही. ती सांगायचं काम माझ्याकडं होतं. हे म्हणाले होते, "तूच सांग. मी न्हाई सांगणार." मी म्हटलं, सांगते की. त्यात काय.

मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ लागला. रोज तुमच्या शेजारी उकिडवी बसून मी माती कालवली, दगड उचलले, वाळलेले वेल ओढले. रोज ते वाक्य ओठापर्यंत यायचं. रोज काहीतरी निमित्त काढून मी ते गिळलं.

घर विकायचं म्हटल्यावर तुम्ही रडाल, भांडाल, निदान दोन दिवस जेवणार नाही, असं मला वाटलं होतं. बावीस वर्षांपूर्वी तुम्ही या घरात आलात, मोठे भाऊजी गेल्यावरही इथंच राहिलात. परसातलं एकेक झाड तुमच्या हातचं. पण तुम्ही जात्यावरचा हात न थांबवता म्हणालात, "इकायचं तर इका. पर असं नको. परसू-आंगण पार भकास झालंय. गिऱ्हाईक दारात आलं की त्याला वाटलं पायजे, इथं माणसं राहत्यात." आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी खुरपं घेऊन तुम्ही परसात उतरलात.

मला तेव्हा वाटलं, किती बरं झालं, बाईंनी मनाला लावून नाही घेतलं. माणूस सोयीचं तेवढं बरोबर बघतो.

तेव्हा आपलं परसू खरंच ओंगळ दिसायचं. घेवड्याचे वेल मांडवावर वाळून खडखडायचे. कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग कुंपणाला टेकून पडलेला, त्यात उंदीर. न्हाणीच्या पाण्यावरचं अळू तेवढं हिरवं. अंगणात शेकोटीची राख, जनावरांच्या खुरांचे खड्डे. तुम्ही एकेक करून सगळं लावून घेतलंत. आधी वेल. मग पऱ्हाट्या रचून बांधायच्या. मग कुंपणाचे काटे बदलायचे. मग माती. तुमचं काम असंच, क्रम मोडायचा नाही. मी मधेच झाडू घेतला की ओरडायचात, "आधी घाण करायचं काम संपू दे, मंग झाडलोट. तुला लई घाई."

आणि तुळस. कार्तिकात लग्न लागलं की तिला मंजिऱ्या येतात आणि पौषात ती काटकी होते, ती दरवर्षीचीच गोष्ट. एरवी आपण पावसाळ्यापर्यंत तशीच ठेवायचो. पण वाळक्या तुळशीचं घर कुणी घेत नाही, घेणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते, असं म्हणून तुम्ही मंजिऱ्या चुरून फुटक्या घागरीत बी टाकलंत, वर गोणपाट झाकलंत, चुलीच्या उबेला ठेवलंत. थंडीत तुळस उगवत नाही, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, "तिला काय ठाव थंडी हाय म्हणून? तिला चुलीपुढं उनच वाटतंय." उगवली. रोपं बोटभर झाली तेव्हा तुम्ही मला बोलावून दाखवलंत आणि काही बोलला नाहीत. जिंकल्यावर गप्प बसायची तुमची खोड फार वाईट होती.

त्याच दिवशी तुम्ही विचारलंत, "बीडच्या खोल्या कशा हायत गं?" मी जिन्याचं सांगितलं. जिना फार उभा आहे, पाणी वर न्यायला त्रास होईल. खिडकी रस्त्यावर आहे. खाली तांबोळ्याचं दुकान आहे. सगळं सांगितलं. तुम्ही "हां, हां" करत राहिलात आणि मग रोपांवर पाणी शिंपडायला लागलात.

मला माझी पहिली वर्षं आठवतात. अकरा वर्षांची मी, लग्न होऊन आले आणि तिसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात बसून रडत होते. सासूबाईंनी रागावून बघितलं, यांनी दुरून बघितलं. तुम्ही मला परसात नेलंत, सुपाएवढी जागा उकरून दिलीत आणि म्हणालात, "ही तुजी. हिच्यात काय बी लाव. कुणी इचारणार न्हाई." मी ओटीतली खारीक चोखून तिची बी पुरली. रोज पाणी घालायचे. काही येईना. मग पुन्हा रडणं. आणि एका सकाळी हिरवं टोक वर आलेलं. मी घरभर नाचले, आपल्या दारात खारकेचं झाड होणार म्हणून. तुम्ही गंभीर तोंड करून म्हणालात, वा, आता लेकराबाळांना खारका. त्या झाडाला पुढं कणीस लागलं, जाऊबाई. मक्याचं. तेव्हा कुठं मला कळलं की तुम्ही तिथं दाणा टाकला होतात. मी चिडून तुम्हाला कणीस फेकून मारलं होतं आणि तुम्ही पोट धरून हसला होतात. आता हे लिहिताना मला हसू यायला हवं होतं, किंवा दुसरं काहीतरी. नुसतं लिहून झालं.

तुमच्याशी शेवटचं भांडण शेवग्यावरून झालं, आणि ते तसंच राहिलं. मी म्हटलं, दाराजवळ शेवगा असला की घरात भांडणं लागतात असं लोक मानतात, घेणारा बिचकेल, तोडून टाकू. तुम्ही म्हणालात, "शेंगा खाताना बरं आटवत न्हाई लोकांना. फुलावर आलंय झाड. फुलावरचं झाड तोडती व्हय?" मी म्हटलं, घर जाणारच आहे तर झाडाचं काय. हे मी जरा जोरात बोलले. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, फार वेळ बघितलंत, आणि मग चिखल तुडवायला गेलात. अंगणासाठी पांढरी माती भिजत घातली होती, ती तुम्ही एकटीनं तुडवलीत, गुडघ्याएवढ्या गार चिखलात, सकाळच्या पारी. मी रागात होते, म्हणून गेले नाही. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हाला ताप भरला. लोक म्हणतात, गारठा बाधला. वैद्यही तेच म्हणाला. मी त्या चिखलाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. चारच दिवस पडून होतात, आणि त्यातले दोन तुम्ही शुद्धीत नव्हता.

सुतकाचे दहा दिवस घरात कुणी कशाला हात लावला नाही. तुळशीची रोपं शेजारच्या पाटलीणबाईंनी नेऊन जगवली. परसाकडं मी बघितलंही नाही. दहाव्यानंतर गेले तर सगळं हिरवंगार, ओलंचिंब. कुंपणापलीकडून अमीनाबी म्हणाली, "झाडं तरसत व्हते, गोदाबाई. दोन्ही वखत पानी दिली म्या. मोगरा तर पार सुकून गेलता बिचारा, त्याला जास्त दिली." तो सुकलेला नव्हता. तुम्ही त्याला ताण दिला होता. पौषापासून पाणी तोडलेलं, पानं ओरबाडून काढलेली, मुळं उघडी टाकलेली, म्हणजे शिवरात्रीनंतर खत-पाणी पडलं की पानाआधी कळ्या सुटाव्यात आणि गिऱ्हाईक यायच्या वेळेला परसू घमघमावं. तुमचा सगळा हिशोब त्या वासावर होता. त्या बाईनं दहा दिवस, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या आडावरून पाणी वाहून, तुमच्या प्रेमापोटी मोगऱ्याचं वाटोळं केलं. ती डोळे पुसत होती. मी म्हटलं, बरं केलंस.

मग मी कामाला लागले. कडुलिंबानं तेवढ्यात पानं टाकायला सुरुवात केली होती. सकाळी झाडावं, दुपारी परत पिवळा सडा. यांनी एकदा वैतागून विचारलं, "दिवसातून चारदा कावून झाडतीस?" मी झाडतच राहिले. तुमची चूल, तुमचं अंथरूण, तुमचं दंताळं, सगळं घरात जिथल्या तिथं होतं. झाडणं बरं होतं त्यापेक्षा.

रंगपंचमी झाल्यावर घेणारा आला. बाजारातला भुसार दुकानदार, गरीब माणूस बोलायला, पण खरेदी त्याच्या आईच्या हातात होती. म्हातारीनं घर आतून बघितलंच नाही. ती थेट अंगणात उभी राहिली, पायानं जमीन दाबून बघितली, म्हणाली, "चोपणी झ्याक हाय. कुणी केली?" मी म्हटलं, जाऊबाईंनी माती तुडवली, मी चोपली. मग तुळशीपाशी गेली. कोवळं रोप वृंदावनात डुलत होतं. हात जोडले. मग परसात. मोगऱ्यापाशी वाकली आणि म्हणाली, "नुसता पालाच हाय. कळी कुठाय?"

मी सांगायला लागले. माघात चुकून पाणी पडलं म्हटलं. पुढल्या साली पौषात पाणी तोडा, पानं काढा, मुळं उघडी टाका, मेला असं वाटेल पण भिऊ नका, हात आवरा, शिवरात्रीला कुजलेलं शेणखत आणि मग पाणी. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की मी तुमच्यासारखी बोलतेय, एक हात कमरेवर ठेवून, दुसऱ्या हाताचं बोट नाचवत. म्हातारी एकेक गोष्ट माझ्यामागून म्हणत होती. तिनं सगळं पाठ करून घेतलं.

शेवग्याखाली मात्र ती थांबली. शेंगा लोंबत होत्या. "ह्यो सौद्याच्या आधी काढून टाका," ती म्हणाली. "दारात नगं." हे लगेच माझ्याकडं बघायला लागले, कारण मीच हे पौषात म्हटलं होतं. मी म्हटलं, "न्हाई. तोडायचा तर घर घेतल्यावर तुमी तोडा. आमी तोडणार न्हाई." हे गोरेमोरे झाले. दुकानदार आईकडं बघायला लागला. म्हातारीनं एक शेंग ओढली, मोडून वास घेतला आणि म्हणाली, "चवीला कशी हाय?" गोड आहे म्हटलं. ती शेंग तिनं ओच्यात टाकली. सौदा झाला. पाडवा झाला की बीडला निजामाच्या कचेरीत कागद होईल, उर्दूत, हे सही करतील. तुमचं भांडण तुम्ही जिंकलात, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं.

इथवर लिहून थांबायचं मी ठरवलं होतं. पण काल तुमचा भाऊ आला.

छकडा घेऊन आला, तुमची पेटी न्यायला. तेराव्याला गर्दीत तो काही बोलला नव्हता. काल हे बीडला गेलेले. मी ओसरीवर पाट दिला, पाणी दिलं. तो अंगणाकडं बघत बसला. मग म्हणाला, "हेच व्हय ते आंगण?"

"कोणतं?"

"अक्का म्हणली व्हती, तेवढं आंगण करते आन् येते."

मला काही कळेना. त्यानं सांगितलं. मार्गशीर्षात तुम्ही बायकांबरोबर नारायणगडाला गेला होतात, तिथं त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतंत. शिमगा झाला की छकडा घेऊन ये म्हणालात. कायमची येते म्हणालात. ओसरीचा एक खण रिकामा कर म्हणालात. त्यानं तो रिकामा केला होता, लिंपून ठेवला होता. त्यानं कारण विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत की तुम्ही कार्तिकातच आम्हा दोघांचं बोलणं भिंतीआडून ऐकलंय. सगळं. कोण काय म्हणालं, ते सगळं.

"म्या लई चिडलो," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता चल म्हणलं. तर मलाच बोलली. म्हणली, चिडतो कावून? इतकी वर्षं ती माज्या चुलीवर रांधती. तिला तिची चूल पायजे. मला न्हवती व्हय पायजे तिच्या वयात? आन् तिला कळू देऊ नको म्हणली. तिचं तिला बोलू दे, जवा बोलवंल तवा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तुमचा निरोप होता, आणि तो त्यानं उशिरा का होईना पोचवला. मी त्याला भाकरी करून वाढली. तो जेवला. पेटी छकड्यात ठेवली. शेवग्याच्या शेंगा बांधून दिल्या. तो गेला आणि मी परत झाडायला लागले, कारण पानं पडली होती. रडू तरीही आलं नाही, जाऊबाई. मला वाटलं होतं, आता तरी येईल.

म्हणजे दोन महिने तुम्ही माझ्या शेजारी बसून माती कालवत होतात आणि मी कधी बोलते त्याची वाट बघत होतात. रागावण्यासाठी नव्हे. मला ते ओझं उतरवायला मिळावं म्हणून. माझ्यावर एवढी माया करणारं दुसरं माणूस मला भेटलं नाही, आणि हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तेही राहिलं.

वर मी सगळीकडं 'ठरलं' असं लिहिलंय. ठरवलं कुणी, ते लिहायला मला एवढे कागद लागले. तुम्हाला ते ठाऊक होतं, पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून आता लिहिते. बीडला जागा होती. बाहेरच्या खोलीत तुमचं अंथरूण सहज मावलं असतं. हे न्यायला तयार होते, दोनदा म्हणाले. नको मी म्हटलं.